पडद्याआड पहिला कोण?

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना पडदा आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना गहिवरतात, उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. शाळेच्या वहीत तुम्ही तशाच लिहिता. छत्री, फळा, विहीर, सगळ्या कशा गरीब बिचाऱ्या. मी तसा नाही. माझी गोष्ट ऐकायची तर माझा रागही ऐकून घ्यावा लागेल.

पडदा म्हणजे कोणता, असे तुम्ही विचाराल. खिडकीवरचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. दवाखान्यात रुग्ण तपासताना त्याच्याभोवती उभा करतात तो. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या, मध्ये ताणून बसवलेले हिरवे कापड आणि खाली सहा लहान चाके, एवढा माझा संसार. दवाखान्यातली माणसे मला 'स्क्रीन' म्हणतात आणि गावातली म्हणतात 'आडोसो'. मला गावातले नाव आवडते, कारण त्यात माझे कामही आले. माणसाला उघडे व्हावे लागले तर त्याला आडोसा द्यायचा.

माझा जन्म एकाहत्तर साली कुडाळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. कारागिराने माझी डावी चौकट अर्धा इंच आखूड कापली, त्यामुळे मी आजही किंचित डावीकडे कलतो. एसटीच्या टपावर बांधून मला मालवणच्या उत्तरेला खाडीकाठच्या एका गावी आणले. तिथल्या आरोग्य केंद्रात माझे मोठे कौतुक झाले. पोरे माझी चाके फिरवून पाहत. बायका माझ्या कापडाला हात लावून म्हणत, बरे झाले बाई, आता लाजायला नको. पहिल्या वर्षी जत्रेला दशावतारवाल्यांनी मला मागून नेले. माझ्याआड बसून एका थोराड माणसाने मिशी काढली आणि रंग लावून राणी होऊन तो बाहेर पडला. मीही तेव्हा गालातल्या गालात हसलो.

पुढे कामाची वर्षे आली. माझ्याआड बाळंतिणी तपासल्या गेल्या, पोरांच्या ढुंगणावर सुया टोचल्या गेल्या, विंचू चावलेल्या मांड्या बांधल्या गेल्या. पडद्याला डोळे नसतात असे लोक समजतात. मला सगळे दिसत असे, पण मी कोणाचे काही कोणाला सांगितले नाही. आज सांगतो आहे ते पहिल्यांदाच, आणि ज्याचे सांगतो आहे त्याची आता हरकत असणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. वय झालेले पुरुष माझ्याकडे फिरकत नसत. पायात काटा मोडला तर येत, ताप आला तर येत. पण कमरेखालचे दुखणे असले की घरी कुढत बसत. मित्रांनो, हे तुम्हाला मोठी माणसे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, साधारण सालीसकट सुपारीएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते आणि लघवीला त्रास होऊ लागतो. बहुतेकांचे ते वाढणे साधे असते. काहींचे साधे नसते, तो कॅन्सर असतो. डॉक्टर हातमोजा घालून मागच्या बाजूने एका बोटाने चाचपून पाहतात. ग्रंथी मऊ लागली तर ठीक, दगडासारखी लागली तर पुढचा तपास करायचा. त्या चाचपण्याला दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा राग त्या दोन मिनिटांचा आहे.

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत जानकी नावाची एक बाई केंद्रात आली. ती गावाच्या अगदी टोकाच्या वाडीतली. तिचा नवरा धोंडू हा पाडेली होता, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. वय साठीचे, पण अंग काटक. गावातल्या मोठ्या घरांचे सगळे माड त्याच्याच हाताखालून जात. आमच्या केंद्राच्या डॉक्टरांची जागा तेव्हा रिकामी होती. सुनीती सिस्टर म्हणून एक परिचारिका होत्या, त्याच सगळे पाहत. जानकी माझ्याआड आली, स्टुलावर बसली आणि बराच वेळ पदराचे टोक पिळत राहिली.

"शिस्टर, मी माज्यासाठी नाय इलंय," ती म्हणाली. "घोवाचा सांगूचा आसा. दिवाळेपासून लघवेक बसलो की उठणा नाय. थेंब थेंब. काल तेच्यात रगत दिसला. माका तेणी सांगूक नाय, मीच बघलंय."

"मग तेंका घेऊन ये," सिस्टर म्हणाल्या.

"येवचो नाय तो. बायल माणसाक काय दाखवतलो? म्हणता, माडार चढतंय मा, मगे माका काय झाला?"

सुनीती सिस्टरांनी त्याच दिवशी कोल्हापूरला एका सर्जन डॉक्टरांना पत्र लिहिले. त्यांच्या हाताखाली त्या शिकल्या होत्या. डॉक्टर मनाने चांगले. त्यांनी उलट टपाली कळवले की फेब्रुवारीत एक दिवस येतो, गावातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्या पुरुषांना बोलवा, सगळ्यांनाच तपासू. हे शिबिर धोंडूमुळे ठरले. हे गावात कोणाला ठाऊक नव्हते आणि धोंडूलाही नव्हते. ते सिस्टरांना, जानकीला आणि मला ठाऊक होते.

सिस्टर दारोदार फिरल्या. पुरुषांनी ऐकले, माना डोलावल्या आणि नाही म्हणाले. कोणी म्हणाला, आमका काय झाला नाय. कोणी म्हणाला, त्या जाग्यार बोट घालून घेवचा म्हणजे काय? एकाने तर सिस्टरांना अंगणातूनच परत पाठवले. आठ दिवसांत कागदावर चार नावे जमली. तेव्हा सिस्टरांनी एक युक्ती काढली. चांगल्या मनाने काढली, हे मी शपथेवर सांगेन. पण चूक ती चूकच.

आमच्याकडे गावात मान असतो. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला नारळ कोणाचा, देवापुढे गाऱ्हाणे घालताना पहिले नाव कोणाचे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले. ज्यांचा मान ते मानकरी. आमच्या गावात दोन मोठे मानकरी होते, भाई आणि बाबा. मानकऱ्यांच्या मागून त्यांचे भाऊबंद, मग बाकीचा गाव, मग बंदरावरचा मोहल्ला आणि सगळ्यांच्या शेवटी टोकाची वाडी. सिस्टर भाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "भाई, तुमी पयले इल्यात तर मागसून सगळो गाव येतलो." भाईंना ते पटले. पुढे जायचे म्हटले की त्यांना नेहमीच पटत असे. त्या एका वाक्याने गावाची लाज मोडली. शिबिराच्या यादीत एकतीस नावे चढली, आणि ती मानाच्या क्रमाने चढली. पहिले भाई. एकोणतिसावा गनी, बंदरावर होड्या दुरुस्त करणारा. एकतिसावा धोंडू.

शिबिराच्या सकाळी मला धुऊन पुसून खोलीच्या मधोमध उभे केले. नवे कापड चढवले. खोटे कशाला बोलू, मीही मिरवलो. एवढे पुरुष माझ्याआड यायला निघाले, याचा मला आनंद झाला. डॉक्टरांची जीप नऊ वाजता आली. अंगणात सगळे जमले होते. भाई कोट घालून आले होते. बाबाही कोट घालून आले होते. बाबांनी यादी मागितली, वाचली आणि परत दिली.

"ही यादी कोणी केली?" ते शांतपणे म्हणाले. "भाई पयले कशे?"

"पालखेक पयलो खांदो आमचो," भाई म्हणाले.

"पालखेक तुमचो. होळयेक पयलो नारळ आमचो. ही काय पालखी आसा?"

"मगे ही होळी आसा?"

मित्रांनो, तुम्ही हसाल. मीही तेव्हा हसलो असतो. ज्या तपासणीला दोन दिवसांपूर्वी कोणी यायला तयार नव्हते, तिच्यासाठी आता पहिले कोण, यावर भांडण जुंपले. भाईंच्या बाजूने भाईंचे भाऊ, बाबांच्या बाजूने बाबांचे पुतणे. कोणाच्या आजोबांनी कोणत्या साली कोणाचा खांदा अडवला होता, ते सगळे निघाले. डॉक्टर हातमोजे घालून बसले होते. त्यांनी ते काढून ठेवले. पुन्हा घातले. पुन्हा काढले.

साडेअकराला तोडगा निघाला. नारळ बाबांनी फोडायचा आणि तपासणी भाईंची आधी. नारळ फोडायचा म्हणजे गाऱ्हाणे आले, आणि गाऱ्हाणे आले म्हणजे गावातले सगळे देव आणि सगळ्या मानकऱ्यांची नावे आली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या जा काय तपासणेचा काम योजला हा, तां सुखरूप पार पाड रे म्हाराजा." सगळ्यांनी म्हटले, "व्हय म्हाराजा." अगदी मागे कुंपणाला टेकून बसलेल्या धोंडूनेही म्हटले. तो नारळ त्यानेच सकाळी उतरवून आणला होता.

भाई माझ्याआड आले आणि पंधरा मिनिटे घेतली. त्यातली तेरा त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास सांगण्यात घालवली. त्यांना काहीही झालेले नव्हते. बाबांनाही काही झालेले नव्हते. त्यांच्या भाऊबंदांपैकी निम्मे तर पंचेचाळीसचेही नव्हते. मान चुकू नये म्हणून येऊन बसले होते. सिस्टर मधेच बाहेर गेल्या आणि भाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "भाई, धोंडूक खराच त्रास आसा. तेका आता मधी घेतलंय तर चलात?"

"शिस्टर, गावात रीत आसा," भाई म्हणाले. "धोंडू खंय पळान जाता काय?"

सिस्टर परत आत आल्या. भाई उठले तर सगळे उठतील, ही त्यांना भीती होती. मला आजही वाटते की त्यांनी तेव्हा भांडायला हवे होते. त्यांनाही तसेच वाटते. पुढे कितीदा तरी, खोलीत कोणी नसताना, त्या माझे कापड सरळ करता करता तसे पुटपुटल्या आहेत.

एक वाजता जेवण. डॉक्टर भाईंकडे जेवायला गेले. मग बाबांचे माणूस आले. भाईंकडे जेवलात आणि आमच्याकडे नाही, तर आमच्या घराचे काय राहिले? डॉक्टर बाबांकडेही जेवले. दोन्हीकडे सुरमई होती, दोन्हीकडे सोलकढी होती, दोन्हीकडे आग्रह होता. डॉक्टर परत आले तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि त्यांचे डोळे जड झाले होते. अंगणात मोहल्ल्यातली आणि वाडीतली माणसे सकाळपासून बसलेली होती. त्यांना कोणी पाणीदेखील विचारले नव्हते. जानकीने घरून पेज आणली होती, ती धोंडूने आणि गनीने वाटून खाल्ली.

नंतर मात्र डॉक्टरांनी भराभर काम केले. दोन मिनिटे, तीन मिनिटे, पुढचा. माझी चाके करकरत होती. साडेचार वाजता जीपचा हॉर्न वाजला. तेव्हा सिस्टरांनी एकोणतिसावे नाव पुकारले, "गनी." मी दारातून बाहेर पाहत होतो. गनी उठला, दोन पावले आला आणि थांबला. त्याची आणि धोंडूची दोस्ती जुनी होती.

"तू जा रे पयलो," तो धोंडूला म्हणाला. "माका काय घाय नाय."

धोंडूने एकदा भाईंकडे पाहिले. भाई समोरच्या घराच्या ओट्यावर पान खात बसले होते. "नको रे," धोंडू म्हणाला. "मधीच घुसलो म्हणतले. तुजो नंबर आसा, तू जा."

मित्रांनो, मला धोंडूचाही राग आला. दिवाळीपासून रक्त जाते आहे, दिवसभर उन्हात बसला आहे, आणि तरी त्याला आपल्यामुळे रांग मोडायला नको आहे. ही सवय त्याला कोणी लावली, ते मला माहीत आहे. तरी त्याचा राग आला. गनी आत आला, दोन मिनिटांत तपासून झाला. त्याला काही नव्हते. डॉक्टर हात धुऊ लागले.

"सर, अजून एक," सिस्टर म्हणाल्या. "हा एकच बघा. याच्यासाठीच मी तुम्हाला बोलावलं होतं."

"सिस्टर, घाटात अंधार होईल. उद्या सकाळी सातला ऑपरेशन आहे. पुढच्या महिन्यात मी परत येतोच आहे, तेव्हा राहिलेल्यांना आधी घेऊ." ते मनापासून म्हणाले. आणि गेले. जीप गेल्यावर अंगणात धोंडू, जानकी आणि वाडीतला आणखी एकजण उभे राहिले. मग तेही गेले. मी खोलीत तसाच उघडा उभा होतो. मला मिटून ठेवायचे सिस्टरांना सुचले नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले नाहीत. कधी त्यांना वेळ नव्हता, कधी जीप नव्हती, कधी वरच्या ऑफिसातून मंजुरी नव्हती. मग पाऊस लागला. सिस्टरांनी धोंडूला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून चिठ्ठी दिली. तो गेला नाही. "डाक्टर येतलेच मा," तो म्हणायचा. "तेणी तसा सांगलेला हा." मोठ्या माणसाने सहज दिलेला शब्द लहान माणूस किती घट्ट धरून बसतो, हे मी तेव्हा पाहिले. त्याची कंबर दुखू लागली. पाडेल्याची कंबर दुखायचीच, असे सगळ्यांनी ठरवले. भाईंनी त्याला तेलाची बाटली दिली. गणपतीच्या आधी भाईंच्याच बागेत माडावर चढताना तो अर्ध्यावरून खाली आला आणि बुंध्याशी बसून राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याने नारळ न काढता माड सोडला.

नोव्हेंबरात डॉक्टरांची तारीख मिळाली. या वेळी सुनीती सिस्टरांनी पद्धत बदलली होती. त्यांनी यादी केली नाही. मानकऱ्यांकडे गेल्या नाहीत. डॉक्टरांना लिहिले की जीप आरोग्य केंद्रात थांबणार नाही, गावाच्या टोकाला शेवटच्या घरापाशी थांबेल. जेवण मी डब्यात आणीन, असेही लिहिले. गनी सकाळी केंद्रात आला, त्याने मला मिटले, डोक्यावर घेतले आणि गावातल्या भर रस्त्याने निघाला. भाई ओट्यावर होते.

"गनी, खंय नेतस रे तो आडोसो?"

"धोंडूच्या खळ्यात."

"आणि आमी?"

"तुमी पण येवा, भाई. जो इलो तो बसलो."

खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. धोंडूच्या खळ्यात मी पहिल्यांदा उघड्या आभाळाखाली उभा राहिलो. माझ्या चाकांना शेण लागले. या वेळी पहिला धोंडू होता. गनीने आणि जानकीने धरून त्याला माझ्याआड आणले. डॉक्टरांनी तपासले. त्यांचे बोट थांबले तसा त्यांचा चेहराही थांबला. मग त्यांनी त्याच्या कमरेवर, पाठीच्या मणक्यावर हलके दाबले आणि धोंडूने ओठ आवळले.

डॉक्टर बाहेर येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले. "हाडात गेलेलं दिसतंय," ते सिस्टरांना हळूच म्हणाले. "फोटो काढू, गोळ्या देऊ, दुखणं कमी होईल. फेब्रुवारीत पाहिला असता तर कदाचित काही करता आलं असतं."

"फेब्रुवारीत तो तुमच्यापासून सहा हातांवर बसला होता, सर," सिस्टर म्हणाल्या.

त्या 'कदाचित' शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग आहे, मित्रांनो. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल. कदाचित नसेल. ते आता कोणालाच कधी कळणार नाही. धोंडूची ती दोन मिनिटे भाईंच्या घराण्याच्या इतिहासात गेली, होळीच्या नारळात गेली, दुसऱ्या ताटातल्या सुरमईत गेली. आणि ज्यांनी ती खाल्ली त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते की आपण काय खाल्ले.

धोंडूला सिस्टरांनी खरे काय ते सांगितले. जानकी चुलीपाशी जाऊन बसली. वाडीतली माणसे खळ्याच्या कडेला घुटमळत होती. कोणी पुढे येत नव्हते, आता लाजेबरोबर भीतीही होती. तेव्हा धोंडू काठीवर जोर देऊन उभा राहिला.

"माजा झाला तां झाला," तो म्हणाला. "बाळ्या, तू ये. तू पण सारको उठतस, माका म्हायत आसा. ये हय. काय दुकणा नाय."

बाळा म्हणजे शेजारचा, बावन्न वर्षांचा, तोही पाडेली. तो नको नको म्हणत होता. धोंडूने त्याच्या मनगटाला धरले आणि त्याला माझ्यापर्यंत आणून सोडले. मग तो माझ्या बाजूलाच खाली बसला आणि एकेकाला हाका मारू लागला. गनी सगळ्यांना सांगत होता, मी करून घेतलंय, दोन मिनटांचा काम आसा. संध्याकाळपर्यंत बावन्न माणसे माझ्याआड येऊन गेली. ज्याला त्रास जास्त तो आधी, हा एकच नियम होता. तिसऱ्या प्रहरी बाबा आले, कोट न घालता. रांगेत जिथे जागा होती तिथे बसले. त्यांच्या पुढे वाडीतले अकराजण होते. भाई आले नाहीत.

बाळाच्या ग्रंथीत एका बाजूला हरभऱ्याएवढी टणक जागा लागली. त्याला कोल्हापूरला नेले, ऑपरेशन झाले. आज चार वर्षांनी तो भाईंच्या माडांवर चढतो. ही एक गोष्ट आठवली की माझा राग जरा निवतो. फार नाही, जरासाच.

त्यानंतर तीन हिवाळे सिस्टर मला घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडल्या. नेहमी गावाच्या टोकाकडून सुरुवात. होडीतून मी खाडी ओलांडली, बैलगाडीतून चढ चढलो. माझी दोन चाके गळाली, कापड तीनदा बदलले. यंदा सिस्टरांची बदली वैभववाडीला झाली. आता मी केंद्राच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यापुढे खोकी रचलेली आहेत. शिबिराचे पुढे काय, असे कोणी विचारले की नवे लोक म्हणतात, मागणी नाही. मागणी कशी असेल? लाजणारा माणूस मागणी करतो का? त्याच्या खळ्यात जाऊन उभे राहावे लागते.

म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे. मला बाहेर काढा, असे मी म्हणत नाही. काढलेत तर बरे. पण आज घरी गेल्यावर आजोबांना विचारा, वडील पन्नाशीचे असतील तर त्यांनाही विचारा. लघवीला जोर करावा लागतो का? सारखे उठावे लागते का? रक्त दिसले का? कंबर कधीपासून दुखते? ते तुम्हाला ओरडतील. ओरडू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि कुठल्याही रांगेत तुमच्या मागे कोणी कण्हत उभा असेल, तर त्याला पुढे घ्या. तो नको म्हणेल. तरी घ्या.

धोंडू कसा गेला ते सांगायचे राहिले. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात गेला. स्मशानाचा रस्ता केंद्राच्या दारावरून जातो, मी तेव्हा खिडकीशी उभा होतो. अख्खा गाव आला होता. पुढच्या खांद्याला गनी होता. भाई आले होते, बाबा आले होते, त्यांचे सगळे भाऊबंद आले होते. दारापाशी रस्ता अरुंद आहे. तिथे सगळे मानकरी बाजूला झाले, कुंपणाला अंग चोरून उभे राहिले आणि धोंडूला पुढे जाऊ दिले. त्या दिवशी पहिले कोण, यावर कोणी भांडले नाही.